बॅकअप टेप निम्म्यातच भरते? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

"भाऊ, टेप परत भरी गयी." अमळनेरकडून असा फोन आला की पुढचे प्रश्न मला पाठ असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या सहकारी बँका, पतसंस्था, जिनिंगची ऑफिसं आणि काही दवाखाने यांच्या सर्व्हरचं काम मी बघतो. डेटाची जादा प्रत (बॅकअप) चुंबकीय फितीच्या टेपवर लिहिणारा टेप ड्राइव्ह बसवलेल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी ही तक्रार एकदा तरी आली आहे. म्हणून तपासणीचा सगळा क्रम इथे लिहून ठेवतो. आधी फुकटातल्या गोष्टी आहेत, खर्चाच्या शेवटी.

लक्षणं

टेपच्या खोक्यावर ६.२५ टीबी छापलेलं असतं आणि सव्वादोन-अडीच टीबी झाले की सॉफ्टवेअर दुसरी टेप मागतं. रात्री अकराला लावलेला बॅकअप सकाळी शाखा उघडते तेव्हाही अर्धवट उभा असतो, कारण रात्री टेप बदलायला कोणी नव्हतं. "दोन वर्षांपूर्वी हेच सगळं एका टेपमध्ये मावायचं," असं हमखास सांगितलं जातं. काही ठिकाणी बाकीच्या टेपा ठीक चालतात, एखादीच लवकर भरते. काही ठिकाणी बॅकअपचा वेळ दीडपट होतो, ड्राइव्हमधून टेप थांबल्याचा, मागे गेल्याचा आणि पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येत राहतो किंवा क्लीनिंगचा दिवा लागतो.

ही सगळी लक्षणं एकाच दोषाची नाहीत. म्हणून कशालाही हात लावण्याआधी एक आकडा काढा: "टेप फुल" आलं तेव्हा टेपवर नेमकं किती लिहून झालं होतं? सॉफ्टवेअरच्या जॉब लॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक ठरवलेल्या बॅकअपच्या नोंदीत, तो मिळतो. एका रात्रीचा आकडा पुरत नाही, मागच्या चार-पाच टेपांचे घ्या.

हे आकडे टेपच्या मूळ क्षमतेच्या (डेटा न दाबता जेवढं मावतं त्याच्या) आसपास किंवा थोडे वर असतील, तर ड्राइव्ह आणि टेप बहुधा धडधाकट आहेत. प्रश्न डेटाचा आहे. आकडे मूळ क्षमतेपेक्षा बरेच खाली असतील, तर जुने बॅकअप जागा अडवून बसले आहेत, चुकीच्या पिढीची टेप लागली आहे, हेड (फितीवर लिहिणारा-वाचणारा भाग) मळलं आहे किंवा टेप खराब होत आली आहे. एवढ्या एका फरकामुळे माझ्या निम्म्या फेऱ्या वाचल्या आहेत.

खोकं नीट वाचा

खोक्यावर दोन आकडे असतात. मोठ्या अक्षरातला असतो कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून लहान करणं, गृहीत धरून काढलेला आणि लहान अक्षरातला असतो मूळ क्षमतेचा. एलटीओ हा या टेपांचा प्रकार आणि पुढचा आकडा त्याची पिढी. एलटीओ-५ ची मूळ क्षमता १.५ टीबी आहे, छापतात ३. एलटीओ-६ ची २.५ आहे, छापतात ६.२५. एलटीओ-७ ची ६ आणि छापील १५, एलटीओ-८ ची १२ आणि छापील ३०, एलटीओ-९ ची १८ आणि छापील ४५. पाचव्या पिढीपर्यंत डेटा दाबून निम्मा होईल असं धरलं जायचं, सहाव्या पिढीपासून अडीचपट दाबला जाईल असं धरतात. म्हणजे मोठा आकडा तुमच्या डेटाकडे बघून काढलेला नसतो. खरेदीचा हिशेब नेहमी लहान आकड्यावर करा. मी संचालक मंडळापुढे कोटेशन ठेवतो तेव्हा मोठा आकडा लिहीतच नाही.

त्याच वेळी टेपचा बारकोड बघा. शेवटची दोन अक्षरं एल-५, एल-६ अशी पिढी सांगतात. एलटीओ-६ चा ड्राइव्ह एलटीओ-५ ची टेप वाचतो आणि तिच्यावर लिहितोही, पण तिच्यात १.५ टीबीच मावतं. कपाटातल्या जुन्या टेपा नव्या टेपांत मिसळल्या की "एखादीच टेप लवकर भरते" ही तक्रार सुरू होते. बारकोडचं स्टिकर कोणी चुकीचं चिकटवलेलं असू शकतं, म्हणून टेपच्या अंगावर कंपनीने छापलेलं नावही वाचा.

आणखी एक फसवा फरक मोजमापाचा आहे. टेपवाले टीबी दशमान पद्धतीने मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. त्यामुळे २.५ टीबीची टेप विंडोजच्या मापाने २.२७ टीबीला भरते आणि १.५ ची १.३६ ला. सव्वादोनला भरली म्हणून जी टेप खराब ठरवली जाते, ती पुष्कळदा पूर्ण भरलेली असते.

टेपवर आधीचं काय आहे?

ही तपासणी दोन मिनिटांची आहे. जॉबच्या सेटिंगमध्ये "जोडत जा" असं निवडलं असेल तर नवा बॅकअप जुन्याच्या पुढे लिहिला जातो. सोमवारची टेप कोरी समजून घातली आणि तिच्यावर मागचे तीन सोमवार बसलेले असतील, तर ती लवकर भरणारच. टेपची यादी वाचून किती सत्रं (वेगवेगळ्या वेळचे बॅकअप) आहेत ते मोजा. जुनं सत्र किती दिवस जपायचं याची मुदत सॉफ्टवेअरमध्ये असते, तीही बघा.

घाई मात्र करू नका. "जोडत जा" बदलून "पुसून लिही" करण्याआधी त्या टेपवरचं काही लागणार नाही याची लेखी खात्री करा. एलटीओ टेपच्या सुरुवातीला काही केबी जरी नव्याने लिहिले, तरी ड्राइव्ह तिथेच डेटा संपल्याची खूण करतो आणि त्या खुणेच्या पुढचं वाचत नाही. मागचे दोन टीबी फितीवर तसेच असतात, पण तुमच्या ड्राइव्हला ते दिसत नाहीत. एका संस्थेत ऑडिटच्या आठवड्यात हे झालेलं मी बघितलं आहे. ताज्या आठवड्याच्या टेपला कोरं म्हणून नवं नाव दिलं गेलं. ही चूक घरी दुरुस्त होत नाही.

डेटा कसला आहे?

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे निघतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

आपल्याकडे कॉम्प्रेशन समजवायला जिनिंग-प्रेसिंगइतकं सोपं उदाहरण नाही. सुटी रुई खोलीभर पसरते. प्रेसमध्ये घातली की १७० किलोची गाठ होते, ट्रकमध्ये थप्पी लागते. आता तीच गाठ परत प्रेसमध्ये घाला. काही होणार नाही, कारण रुईमधली हवा पहिल्याच वेळी निघून गेली आहे. डेटामधली हवा म्हणजे पुनरावृत्ती. खातेवहीच्या डेटाबेसमध्ये तीच शाखा, तेच गाव, तीच रिकामी जागा लाखो वेळा येते. तो छान दबतो, तिप्पट-चौपटही दबतो. पण जेपेग फोटो, एमपी-फोर व्हिडिओ, झिप, स्कॅन केलेली पीडीएफ, इतकंच काय वर्ड-एक्सेलच्या नव्या फाइलीसुद्धा आधीच दाबलेल्या गाठी असतात.

"दोन वर्षांपूर्वी मावायचं" याचं उत्तर इथेच आहे. बँकेचा डेटा वाढला, तसा त्याचा प्रकारही बदलला. चेक आता प्रतिमेच्या रूपात फिरतो: दर्शनी बाजूची करडी प्रतिमा जेपेगमध्ये, काळी-पांढरी दर्शनी आणि मागची प्रतिमा दाबलेल्या टिफमध्ये. केवायसीचे कागद स्कॅन होऊन आले, सोन्याच्या तारणाचे फोटो आले, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आलं. जुना डेटा सुट्या रुईसारखा होता, नवा सगळा गाठींचा आहे.

तपासायला खर्च नाही. प्रत्येक प्रकारच्या डेटाचा पाच-दहा जीबीचा नमुना एका रिकाम्या डिस्कवर कॉपी करा, साध्या झिप सॉफ्टवेअरच्या जलद सेटिंगवर दाबा आणि आधीचा-नंतरचा आकार लिहा. ड्राइव्हमधलं कॉम्प्रेशन याच घराण्यातलं आहे, त्यामुळे अंदाज चांगला येतो. एका बँकेचा हिशेब असा निघाला: एकूण २.९ टीबी, त्यात डेटाबेस ०.४ आणि बाकी २.५ प्रतिमा आणि पीडीएफ. डेटाबेस दबून ०.१३ झाला, प्रतिमा जवळपास तशाच राहिल्या. बेरीज २.६३, टेप २.५ ची. दुसरी टेप लागणारच होती. ड्राइव्ह बदलून टाकायचं त्यांचं ठरत आलं होतं, कोटेशनही मागवलं होतं.

यावर माझा उपाय एकच आहे आणि तो टिकतो. बंद झालेल्या आर्थिक वर्षांच्या प्रतिमा आता बदलणार नाहीत. त्या दर आठवड्याला नव्याने कशाला लिहायच्या? त्या एकदाच दोन वेगळ्या टेपांवर लिहा, दोन्ही परत वाचून पडताळा, एक टेप दुसऱ्या गावच्या शाखेत ठेवा आणि साप्ताहिक जॉबमधून त्या फोल्डरला वगळा. वरच्या बँकेत १.९ टीबी असा बाजूला निघाला, साप्ताहिक बॅकअप एक टीबीवर आला. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग या टेपवर हवंच का, हे व्यवस्थापकांना स्पष्ट विचारा. बऱ्याचदा ते कोणी मुद्दाम घातलेलं नसतं, अख्खी डी ड्राइव्ह निवडली म्हणून आलेलं असतं.

कॉम्प्रेशन चालू आहे का, आणि कुठे?

नमुना दबतो पण टेप मूळ आकड्यालाच भरते, असं असेल तर ड्राइव्हचं कॉम्प्रेशन बंद असण्याची शक्यता आहे. सेटिंग तीन जागी असतं: ड्रायव्हरमध्ये (संगणक ज्या सॉफ्टवेअरने ड्राइव्हशी बोलतो ते), बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये आणि त्या एका जॉबमध्ये. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर ड्रायव्हरचं ऐकत नाही, स्वतःचंच लादतं. म्हणून जॉबपासून उलटं तपासत या. लिनक्सवर हाताने चालू केलेलं सेटिंग सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर टिकेलच असं नाही. ते ड्रायव्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये कायमचं लिहावं लागतं. वीज जाऊन यूपीएस संपला त्या रात्रीनंतर तक्रार सुरू झाली असेल, तर आधी हेच बघा.

खात्री करायची तर ड्राइव्हलाच विचारा. संगणकाकडून किती आलं आणि फितीवर किती लिहिलं, याचा हिशेब तो आत ठेवतो. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्यांच्या निदान सॉफ्टवेअरमध्ये हे गुणोत्तर दिसतं. एकच्या आसपास असेल तर काही दबत नाही.

इथे एक गैरसमज पुष्कळ जणांचा असतो: डेटाबेसचा बॅकअप आधी झिप केल्यामुळे टेप वाया जाते, झिप बंद केलं की टेपमध्ये "जास्त" मावेल. तसं नाही. झिप केलेली फाइल टेपवर कमीच जागा घेते, ड्राइव्हने दाबली असती तितकी किंवा त्याहूनही थोडी कमी. लॉगमधलं गुणोत्तर फक्त वाईट दिसतं, कारण दाबण्याचं काम आधीच झालेलं असतं. ड्राइव्हचं कॉम्प्रेशन तेव्हाही चालू ठेवायला हरकत नाही. एलटीओमध्ये न दबणारा डेटा जसाच्या तसा जाऊ देण्याची सोय आहे, त्यामुळे तो फुगत नाही.

खरं नुकसान एन्क्रिप्शनमुळे होतं. सॉफ्टवेअरने डेटा न दाबता आधी कुलूपबंद केला, तर ड्राइव्हला तो निव्वळ गोंधळ दिसतो, पुनरावृत्ती काही सापडत नाही. छान दबणारा डेटाबेसही मग पूर्ण आकाराने बसतो. क्रम आधी दाबणे, मग कुलूप, असाच हवा. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असेल तर ती वापरा. नाहीतर एलटीओ-४ पासूनचे ड्राइव्ह स्वतः एन्क्रिप्शन करू शकतात आणि ते आधी दाबतात, मग बंद करतात. पण किल्ली कुठे ठेवली, कोणाकडे ठेवली, हे ठरल्याशिवाय हे सेटिंग बदलू नका. किल्ली हरवली तर टेप शाबूत असून डेटा गेला.

डेटा वेळेवर पोचतो का?

मागे-पुढे होण्याचा आवाज असेल तर ड्राइव्ह उपाशी आहे. एलटीओ-६ ची मूळ गती सेकंदाला १६० एमबी आहे. ड्राइव्ह गती कमी करून जुळवून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहे. डेटा त्याहून हळू आला की फीत थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते. वेळ जातो, हेड आणि फीत दोन्ही झिजतात. लाखो बारीक प्रतिमा एकेक करून वाचताना किंवा शाखेकडून नेटवर्कवर थेट टेपवर लिहिताना हेच होतं. आधी सगळं सर्व्हरच्या डिस्कवर जमा करा, मग तिथून टेपवर टाका. ब्लॉकचा, म्हणजे एका वेळी टेपवर जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा, आकार वाढवूनही गती सुधारते, पण वाढवण्याआधी जुनी टेप नव्या सेटिंगने परत वाचून बघा.

मळ आणि ऊन

आकडे मूळ क्षमतेच्या बरेच खाली असतील आणि वरचं सगळं ठीक असेल, तर इथे या. ड्राइव्ह लिहिता लिहिता लगेच वाचून बघतो. लिहिलेलं नीट वाचता आलं नाही तर तोच भाग पुढे पुन्हा लिहितो. हेड मळलेलं असेल तर असे पुनर्लेखन वाढत जातं आणि फितीची लांबी त्यात खर्च होते. कुठलाही एरर न येता क्षमता घटते ती अशी.

एका जिनिंगच्या ऑफिसात मी ड्राइव्हची पुढची झडप बोटाने उघडली तेव्हा आतल्या कडेला पांढरी लव चिकटलेली होती. मागच्या पंख्याच्या जाळीवर तर रुईचा जाड थर बसला होता, नखाने सोलला तसा अख्खा निघाला. सर्व्हर प्रेसच्या अंगणाकडच्या खिडकीशी होता. हंगामात दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे हवेतच रुई असते. आम्ही सर्व्हर आतल्या खोलीत हलवला, खिडकीच्या फटी बंद केल्या, क्लीनिंग टेप चालवली. त्यानंतर त्याच टेपा पुन्हा पूर्ण क्षमतेला भरू लागल्या.

क्लीनिंग टेप ड्राइव्हने मागितली की चालवा, किंवा वरचं लक्षण दिसलं की एकदा चालवा. ती किंचित खरखरीत असते, रोज चालवली तर हेड झिजतं. तिच्या फेऱ्याही मोजक्या, बहुतेकींच्या फार तर पन्नास. संपलेली क्लीनिंग टेप ड्राइव्ह काही न करता बाहेर टाकतो आणि आपल्याला साफ झाल्यासारखं वाटतं. म्हणून वापरल्याची तारीख दर वेळी तिच्यावर लिहा. कापसाचा बोळा आणि स्पिरिट घेऊन हेड पुसायला जाऊ नका.

ऊन हा आपल्या भागाचा वेगळा विषय आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. टेप वापरायची मर्यादाच ४५ अंश आहे, आणि दीर्घकाळ ठेवायची तर १६ ते २५ अंशांत ठेवावी लागते. शाखेतून मोटरसायकलच्या डिकीत टेप आणली तर ती यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. आल्या आल्या ड्राइव्हमध्ये घालू नका. सर्व्हरच्या खोलीत २४ तास राहू द्या. नेण्या-आणण्यासाठी बंद डबा ठेवा आणि सकाळी लवकर नेण्याचा नियम करा. टेप हातातून पडली असेल तर तसं तिच्यावर लिहून बाजूला ठेवा, तिच्यावर नवा बॅकअप घेऊ नका.

टेप खराब की ड्राइव्ह?

इथून खर्च सुरू होतो, कारण एक नवी टेप लागते. क्लीनिंगनंतर तोच जॉब नव्या टेपवर चालवा. नवी पूर्ण भरली तर जुनी बाद करा. नवीही लवकर भरली तर संशय ड्राइव्हवर जातो. ओळखीच्या संस्थेत त्याच पिढीचा ड्राइव्ह असेल तर संशयित टेप तिथे फक्त वाचून बघा. टेपच्या आतल्या चिपमध्ये ती किती वेळा चढवली आणि किती डेटा लिहिला याची नोंद असते, तीही निदान सॉफ्टवेअर दाखवतं.

मोठ्या पिढीचा ड्राइव्ह घेऊन प्रश्न मिटवायचा विचार असेल तर जुन्या टेपांचं आधी ठरवा. एलटीओ-७ चा ड्राइव्ह पाचवी आणि सहावी पिढी वाचतो. एलटीओ-८ चा मात्र सातवीच्या मागे जात नाही. एलटीओ-६ च्या टेपांनी कपाट भरलेलं असताना थेट आठवा ड्राइव्ह घेऊन जुना भंगारात दिला, तर त्या टेपा वाचणार कशावर?

इथे थांबा

टेप आत अडकली आणि बटण दाबून बाहेर येत नाही. टेप बाहेर आली पण तिच्या तोंडाची पिन निघालेली किंवा वाकडी झालेली आहे. दोनदा क्लीनिंग करूनही दिवा जात नाही. एका मागोमाग दोन-तीन टेपांवर खराबीचा इशारा आला: अशा वेळी चौथी टेप घालू नका, बिघडलेला ड्राइव्ह चांगल्या टेपाही खराब करू शकतो. टेपवर पाणी पडलं. किंवा एकुलती एक प्रत आहे आणि ती वाचली जात नाही, अथवा तिच्यावर चुकून लिहिलं गेलं.

यातलं काहीही झालं की हात थांबवा. ड्राइव्ह उघडू नका, टेप उघडू नका, "एकदा परत करून बघू" म्हणून पुन्हा लिहू नका. अडकलेली टेप हमी देणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याकडून काढून घ्या आणि तिच्यावर महत्त्वाचा डेटा आहे हे त्याला आधी सांगा. एकुलती प्रत असेल तर टेपचं काम करणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या. हार्डडिस्कवाला प्रत्येक जण टेप करत नाही, हे फोनवरच विचारून घ्या. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलायचं कामही त्यांच्यावर सोडा. ते चालू असताना वीज गेली तर चालू ड्राइव्ह बंद पडतो.

फोन लावण्याआधी कागदावर एवढं लिहून ठेवा: ड्राइव्हची पिढी आणि मॉडेल, टेपचा बारकोड, मागच्या पाच टेपा किती टीबीला भरल्या, शेवटचं क्लीनिंग कोणत्या तारखेला झालं, ड्राइव्हच्या पडद्यावरचा कोड आणि तक्रार सुरू होण्याच्या आठवड्यात काय बदललं होतं. या शेवटच्या प्रश्नाला पुष्कळ जण "काहीच नाही" म्हणतात. तेव्हा मी विचारतो, त्या आठवड्यात नवा कॅमेरा, नवा स्कॅनर किंवा नवं सॉफ्टवेअर बसलं होतं का? थोडा वेळ जातो, आणि मग कोणीतरी मागून सांगतं, "हो, स्कॅनर बसवला होता."